धावून येणे आणि धावून जाणे

एकी चांगली व फूट वाईट, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. शाळेतील पुस्तकात काठ्यांच्या मोळीची गोष्ट असते. एकेक काठी मोडते, मोळी मोडत नाही. त्यावरून पुष्कळ माणसे एका विचाराने एकत्र जमली म्हणजे त्यांच्या हातून सत्कृत्यच घडणार, असा आपला भोळा समज होऊन बसतो. परंतु काठ्यांची मोळी चुलीत सरपणास लागते, तशीच ती एखाद्याच्या पाठीत घालण्यासही उपयोगी पडते, ही गोष्ट त्या पुस्तकात सांगितलेली नसते. आमच्या मराठी भाषेत एकाच क्रियेचे दोन प्रयोग आहेत. शेजारी संकटात ‘धावून येतात’, आणि लोक एखाद्याच्या अंगावर ‘धावून जातात’. पाय तेच, गाव तेच, पुष्कळदा माणसेही तीच. मग एके वेळी ती धावून येतात आणि दुसऱ्या वेळी धावून जातात, याचे कारण काय? या प्रश्नाचा थोडा विचार आजच्या लेखात करावा असे आम्ही योजिले आहे.

खानदेश हा रस्त्यांचा मुलूख आहे. मुंबईहून आग्र्यास जाणारा हमरस्ता धुळे व शिरपूर यांवरून सातपुड्यातील बिजासनच्या घाटाकडे चढतो. सुरतेहून नागपुरास जाणारा रस्ता धुळे, पारोळे, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा पूर्वेकडे जातो. आणि भुसावळास आगगाडीचे मोठे जंक्शन आहे. त्यामुळे परका मनुष्य ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नव्हे. केळीच्या बागांत मजुरीस येणारा, मेंढरे घेऊन रानोमाळ फिरणारा, खेळ दाखविणारा, भिक्षा मागणारा, असा कोणी ना कोणी परका गावाच्या वेशीवर नेहमी उभाच असतो. म्हणून परक्याशी कसे वागावे हा प्रश्न आम्हांस पुस्तकी नाही. तो दर आठवड्याच्या बाजारात आमच्यासमोर येऊन उभा राहतो.

१ जुलै २०१८ रोजी तो धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी असाच येऊन उभा राहिला. त्या दिवशी रविवार असून गावचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच पुरुष बसमधून उतरून गावात आले. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्याचे होते. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी आवई त्या दिवसांत हातोहातीच्या मोबाइल फोनांतून सर्वत्र पसरली होती. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढे निमित्त झाले. बाजारातील लोक धावून गेले. त्या पाचांस मारीत मारीत ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडिले आणि तेथे ते मरेपर्यंत मारिले. ज्या कचेरीत गावाने न्यायाने व विचाराने कारभार करावयाचा, तिच्याच चार भिंतींत हे घडले.

डवरी गोसावी म्हणजे कोण, हे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस सांगणे नको. डौर वाजवीत, गाणी म्हणत, गावोगाव भिक्षा मागणारे हे लोक पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्रात हिंडत आले आहेत. पूर्वी त्यांच्या डौराचा आवाज ऐकताच म्हातारी माणसे ओट्यावर येऊन बसत आणि सुपातून धान्य घालीत. म्हणजे ते परके असूनही त्यांस गावात एक जागा होती. ती जागा आम्ही केव्हा पुसून टाकिली, हे आम्हांस कळलेही नाही. त्या पाच पुरुषांस मात्र ते प्राण देऊन कळले.

आता त्याच दिवशीची दुसरी गोष्ट ऐकावी. धुळ्यापासून सुमारे ५० किलोमीटरांवर मालेगाव आहे. त्याच १ जुलैच्या रात्री तेथेही तीच आवई, तेच भय आणि तसाच क्रुद्ध लोकसमुदाय होता. परभणीकडून आलेली, भिक्षा मागून पोट भरणारी पाच माणसे त्याच्या तावडीत सापडली. त्यांत दोन वर्षांचे एक मूलही होते. लोकांनी मुले पळविणारे म्हणून त्यांस मारण्यास आरंभ केला. परंतु त्या वस्तीतील काही थोड्या रहिवाशांनी त्यांस ओढून एका घरात घेतले, दार लाविले आणि पोलिसांस बोलाविले. पोलीस येईपर्यंत ते दार टिकले. पुढे पोलिसांच्या गाडीचीही मोडतोड झाली. तथापि ती पाचही माणसे जिवंत राहिली.

वाचकांनी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या. राईनपाड्याचे लोक राक्षस होते आणि मालेगावचे देवदूत होते, असे म्हणण्यास काही एक आधार नाही. मालेगावासही मारणारे शेकड्यांनी होते. आणि राईनपाड्यासही मुलांवर माया करणारे आईबापच होते. आवई एक, दिवस एक, भय एक. फरक एवढाच की एके ठिकाणी कोणी तरी दार उघडून परक्यास आत घेतले आणि दुसऱ्या ठिकाणी दार बाहेरून लागले. आमचा असा विचार ठरला आहे की, लोकसमुदायाला स्वतःचे असे मन नसते. त्यातून जो मनुष्य पहिल्याने पुढे होतो त्याचे मन तो उसने घेतो. पहिल्याने कोणी दगड उचलला तर दहा दगड उचलले जातात. पहिल्याने कोणी पाण्याचा तांब्या आणला तर दुसरा घोंगडी आणतो, तिसरा गाडी जुंपतो. म्हणून ‘लोक काय करतील?’ हा प्रश्न आम्ही फार वेळा विचारतो तो व्यर्थ आहे. पहिला कोण होणार, हाच खरा प्रश्न आहे.

येथे कोणी म्हणेल, ‘महाराज, बोलणे सोपे आहे. मुले आमची आहेत. परक्यावर विश्वास ठेवून मूल गमाविल्यावर तुम्ही आणून द्याल काय?’ हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. मुलासाठी आईच्या जिवाला लागलेली धास्ती ही पवित्र वस्तू आहे, आणि सावधपणा हे पाप नव्हे. परंतु सावधपणा आणि भय ही सख्खी भावंडे दिसली तरी त्यांची चाल निराळी आहे. सावधपणा विचारतो, भय विचारीत नाही. ‘आपण कोठून आलात? कोणाकडे आलात? बसा, पाणी घ्या, तोवर पोलीस पाटलास बोलावितो,’ असे सावध मनुष्य म्हणतो. यात मुलाचे रक्षण पूर्ण होते आणि परक्याचे रक्तही सांडत नाही. तो परका खरोखरच दुष्ट असला, तरी तो पोलिसांच्या स्वाधीन होतो. निर्दोष असला, तर पाणी पिऊन आपल्या वाटेने जातो. विचारल्याने आजवर कोणाचे मूल गेले नाही; न विचारल्याने मात्र पाच घरे उघडी पडली.

भय विचारीत नाही, याचा दाखला जळगाव जिल्ह्यातही घडला आहे. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरे तालुक्यात परधाडे स्थानकाच्या जवळ, लखनौहून मुंबईस जाणाऱ्या पुष्पक एक्सप्रेसच्या एका डब्यात आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, आणि भ्यालेले प्रवासी खाली उड्या टाकून शेजारच्या रुळांवर उतरले. समोरून कर्नाटक एक्सप्रेस येत होती; तिच्याखाली सापडून किमान १२ जण मेले. आग लागलीच नव्हती. आवईने राईनपाड्यास दुसऱ्याचे प्राण घेतले, परधाड्यास तिने भ्यालेल्यांचेच प्राण घेतले. असत्याच्या सुरीला मूठ नसते. ती ज्याच्या हाती असते त्याचाही हात कापते.

आणि हे असत्य कसे जन्मास येते तेही पाहण्यासारखे आहे. २०१८ साली मूल पळविल्याची एक चित्रफीत आपल्या देशात पुष्कळ फिरली. ती मुळात कराची शहरी, आईबापांनी मुलांस जपावे हे शिकविण्यासाठी तयार केली होती. तीत मोटारसायकलवरील मनुष्य मूल उचलतो आणि शेवटी ते परत आणून सोडतो, व सावध राहण्याचा संदेश दाखवितो. कोणी तरी तो शेवट कापून टाकिला. राहिलेला अर्धा भाग खऱ्या चोरीचा पुरावा म्हणून लाखो लोकांनी एकमेकांस पाठविला. मुलांच्या रक्षणार्थ केलेली वस्तू अर्धी कापल्याने मनुष्यवधास साधन झाली! त्याच जुलै महिन्यात त्या संदेश पाठविणाऱ्या कंपनीने भारतापुरता असा निर्बंध घातला की, आलेला मजकूर एका वेळी पाच ठिकाणांहून अधिक पुढे पाठविता येऊ नये. निर्बंध चांगला आहे. परंतु असत्य पाच घरी पोहोचविण्याची तरी मोकळीक कोणास आहे? खेड्यात पूर्वी चहाडी करणाऱ्यास सर्व ओळखीत असत. आज आपल्यापैकी जो मजकूर न तपासता पुढे ढकलतो तो स्वतःस चहाडखोर समजत नाही, जागरूक समजतो. हा फरक मोठा घातक आहे.

आता साहाय्याच्या बाजूकडे वळू. गावकऱ्यांनी मिळून अडल्यानडल्यास हात देणे हे आमच्या लोकांस नवे नाही. एखादा कुणबी आजारी पडला, त्याचे बैल मेले, पेरणी खोळंबली, तर गाव आपले नांगर घेऊन त्याच्या शेतात उतरते. त्यास देशावर इर्जिक म्हणतात. सातपुड्यातील आदिवासी बांधवांत हीच चाल लाहा या नावाने आहे. पांझरा नदीच्या काठी फडाचे पाणी वाटून घेण्याची जुनी पद्धतही याच कुळातील. या चाली उत्तम आहेत व त्या टिकाव्यात. तथापि त्यांच्या मुळाशी ओळख आहे आणि परतफेड आहे. आज मी तुझे शेत पेरितो, उद्या तू माझे कापशील. ज्याची जात, कूळ, गाव ठाऊक नाही, ज्याची व आपली पुन्हा गाठ पडणार नाही, जो कधी काही फेडणार नाही, त्याच्यासाठी गाव उठते काय? नीतीची खरी परीक्षा इर्जिकीच्या शेतात होत नाही. ती हमरस्त्यावर होते.

ती परीक्षा २०२० साली झाली. साथीच्या भयाने २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी पुकारली गेली, आणि मुंबईचे कामकरी लोक आपल्या मुलखाकडे चालत निघाले. आग्ऱ्याच्या त्याच हमरस्त्याने ते नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर करीत मध्य प्रदेशाच्या हद्दीकडे गेले. कोणी पायी, कोणी सायकलीने, कोणी आपली रिक्षा हाकीत. त्या दिवसांत परका म्हणजे केवळ परका नव्हता. त्याच्या श्वासातून मरण येईल असे भय होते, आणि ते भय खोटेही नव्हते. कित्येक गावांनी आपल्या वेशीवर काट्याकुट्या टाकून वाट बंद केली. परंतु त्याच महाराष्ट्रात रस्त्याच्या कडेला लोकांनी पाण्याचे पिंप भरून ठेविले, पिठले-भाकरी, खिचडी शिजविली, अनवाणी पायांस चपला दिल्या. ज्यांनी वेस बंद केली त्यांस आम्ही दोष देत नाही; त्यांच्या घरातही म्हातारीकोतारी होती. परंतु वेस बंद करूनही वेशीबाहेर घागर ठेविता येते, एवढेच आम्हांस त्या वर्षाने शिकविले. सावधपणा आणि दया यांस एकाच घरात नांदता येते.

जेथे कोणी धावून येऊ शकले नाही, तेथे काय होते याचीही एक आठवण त्या वर्षाने मागे ठेविली. जालन्याच्या पोलादाच्या कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे वीस मजूर भुसावळास गाडी मिळेल या आशेने रुळांच्या वाटेने निघाले. चालून चालून थकल्यावर करमाडजवळ ते रुळांवरच निजले. ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडी आली; १६ जण मेले. रुळांवर त्यांच्या शिदोरीच्या पोळ्या विखुरल्या होत्या. ते आमच्या भुसावळास येत होते. ते येते तर आमच्यापैकी कोणी त्यांस ‘बसा, पाणी घ्या’ म्हटले असते काय? या प्रश्नाचे उत्तर देण्याची संधी आम्हांस मिळाली नाही. परंतु प्रश्न उरला आहे.

रस्त्यावरील अपघाताची गोष्ट तर रोजचीच आहे. मोटार उलटते, मनुष्य रक्ताने माखून पडतो, भोवती पन्नास माणसे गोळा होतात, आणि पन्नासांपैकी प्रत्येकास वाटते की दुसरा कोणी तरी उचलील. आम्हीही एकदा असेच गाडीच्या खिडकीतून पाहत पुढे निघून गेलो आहो, हे येथे कबूल करणे आम्हांस उचित वाटते. मनाशी आम्ही असे म्हटले की, ‘तेथे पुष्कळ लोक आहेत.’ पुष्कळ लोक होते हे खरे. पण त्यांतील प्रत्येकजण तेच म्हणत नव्हता कशावरून? जबाबदारी पन्नासांत वाटली म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास पन्नासावा भाग येतो असे नाही. पुष्कळदा कोणाच्याच वाट्यास काही येत नाही.

यांत पोलीसचौकीच्या व कोर्टाच्या फेऱ्यांची भीती हे एक मोठे कारण असे. ते आता बरेच दूर झाले आहे, आणि ही गोष्ट प्रत्येक खेड्यात माहीत असणे अवश्य आहे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जखमीस साहाय्य करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम मान्य करून ते देशभर बंधनकारक केले, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात त्यासाठी १३४-अ हे कलम घालण्यात आले. शुद्ध हेतूने जखमीस मदत करणाऱ्यावर, तो जखमी पुढे दगावला तरी, दिवाणी किंवा फौजदारी दावा चालत नाही. त्याची इच्छा नसल्यास त्यास नाव-पत्ता सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. आमच्या वाचकांस विशेष वाटेल ते हे की, या कलमात अशा साहाय्यकर्त्यास जे इंग्रजी नाव दिले आहे त्याचा अर्थ ‘चांगला शोमरोनी’ असाच आहे. यरुशलेमेहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवरील तो परका मनुष्य आज या देशाच्या कायद्यात येऊन उभा आहे.

त्या दृष्टान्तातील एक गोष्ट आपण वाचताना नेहमी सोडून देतो. शोमरोन्याने जखमा बांधिल्या, जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, येथवर आपण मोठ्या आवडीने सांगतो. परंतु दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या रक्षकास पैसे दिले आणि अधिक लागल्यास परत येताना फेडीन असे कबूल केले. हा दुसरा दिवस आपल्या ध्यानात राहत नाही. जमाव आणि शेजार यांतील फरक ओळखावयाचा तर याच दुसऱ्या दिवशी ओळखावा. जमाव सायंकाळी फुटतो. राईनपाड्यास तो फुटला आणि पुढे अटकेच्या भीतीने पुरुष पळून जाऊन गाव ओस पडले. बायकामुलांच्या वाट्यास रिकामी घरे आली. शेजार मात्र दुसऱ्या दिवशीही असतो. दवाखान्यात डबा नेतो, गावी निरोप पाठवितो, औषधाचे पैसे गोळा करितो, आणि बरा झालेल्यास बसवर बसवून देतो. साहाय्याच्या पहिल्या तासात उत्साह असतो. तिसऱ्या दिवशी केवळ प्रीती उरते.

तर मग करावे काय? मोठ्या संस्था काढण्याची गरज नाही. गावात आधीच इतके ठरवून ठेवावे की, परका दिसला तर प्रथम त्यास बसवावयाचे, पाणी द्यावयाचे आणि मग विचारावयाचे. संशय आला तर पोलीस पाटलास कळवावे किंवा ११२ क्रमांकावर फोन करावा. मूल संकटात दिसले तर १०९८ आहे. जखमी अथवा आजारी असेल तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य येते. हे तीन आकडे देवळाच्या, मशिदीच्या, मंडळीच्या आणि शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावे. कोणाकडे गाडी आहे, कोणास मलमपट्टी येते, कोणाची ओसरी रात्री मोकळी असते, हे आधीच ठाऊक असावे. आणि लोक क्रोधाने जमले असता मध्ये उभे राहून ‘थांबा, आधी विचारू,’ एवढे तीन शब्द बोलणारा एकतरी मनुष्य प्रत्येक गल्लीत असावा. तो शूर असलाच पाहिजे असे नाही. मालेगावच्या त्या रहिवाशांच्या हाती शस्त्र नव्हते. त्यांच्याजवळ एक घर होते आणि त्याला दार होते.

दार आपल्यापैकी प्रत्येकाच्या घराला आहे. पुढल्या बाजाराच्या दिवशी आपल्या वेशीवर कोणी अनोळखी मनुष्य उभा राहील, तेव्हा गाव धावून येईल की धावून जाईल, हे गाव ठरविणार नाही. जो पहिल्याने पुढे होईल तो ठरवील. तो आपण का होऊ नये?